दुसऱ्या वर्षीही टिकेल असं ताट

रक्ततपासणीच्या रिपोर्टवर साखरेचा आकडा वाढलेला दिसला की मराठी घरात पहिला बळी भाताचा जातो. भाताच्या जागी ज्वारीची भाकरी येते, वडीलधारी माणसं समाधानाने मान डोलावतात आणि कर्बोदकं कमी झाली असं सगळे धरून चालतात. हिशेब काही वेगळंच सांगतो. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ७८ ग्रॅम कर्बोदकं असतात, ज्वारीच्या पिठात ६८च्या आसपास आणि गव्हाच्या पिठात ६५ ते ७०. मध्यम आकाराच्या एका भाकरीला पन्नास-साठ ग्रॅम पीठ लागतं. म्हणजे एका भाकरीत ३५ ते ४० ग्रॅम कर्बोदकं आली, जवळजवळ दोन पोळ्यांइतकी. पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा ज्वारीत तंतू जास्त आहेत, ती चावून खावी लागते, पोटाला आधार वाटतो. हे सगळं खरं. पण भात सोडून दोन भाकऱ्या खाणारा माणूस लो-कार्ब जेवतो असं म्हणता येत नाही.

म्हणून कोणताही ‘प्लॅन’ निवडण्याआधी आपण आज किती खातो ते एकदा मांडून पाहावं. एका साध्या दिवसाचा हिशेब असा निघू शकतो: सकाळी दोन चमचे साखरेचे दोन चहा, २५ ग्रॅम. बशीभर पोहे, ४५. दुपारी तीन पोळ्या, ६०. वाटीभर भात, ३०. वाटीभर आमटी, १२. बटाट्याची भाजी, १५. संध्याकाळी चहा आणि चार बिस्किटं, ३०. एक केळं, २५. रात्री दोन भाकऱ्या आणि मुठीएवढा भात, शंभराच्या घरात. बेरीज साडेतीनशेच्या आगेमागे जाते, आणि या दिवसात ना मिठाई आहे ना वडापाव. यात नवल नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे २०२५ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की भारतीय माणसाच्या रोजच्या ऊर्जेतला सरासरी ६२ टक्के वाटा कर्बोदकांचा असतो.

ही वही चार दिवस लिहिली की आपल्या घराचा गळतीचा नळ सापडतो. कोणाचा तो चहात असतो, कोणाचा नाश्त्याला, कोणाचा रात्री साडेनऊच्या जेवणात. सगळ्यांना एकच सल्ला लागू पडत नाही, त्याचं पहिलं कारण हेच.

लो-कार्ब म्हणजे नेमकं किती, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. पण ढोबळ पायऱ्या आहेत. दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली आलं की बहुतेक अभ्यासक त्याला लो-कार्ब म्हणतात. २० ते ५० ग्रॅमवर ‘कीटो’ सुरू होतो: शरीर इंधनासाठी चरबीकडे वळतं आणि यकृत कीटोन तयार करू लागतं. डॉ. रॉबर्ट अॅटकिन्स यांनी १९७२ साली गाजवलेल्या आहाराची सुरुवात २० ग्रॅमवरच होते. वरच्या अंगाला एक सौम्य पायरी आहे, जिच्यात कर्बोदकांतून येणारी ऊर्जा ४५ ते ५५ टक्क्यांवर आणली जाते. तिला कोणी फॅशनेबल नाव दिलेलं नाही, म्हणून ती जाहिरातीत दिसत नाही. इंडियाबच्या १८ हजारांहून अधिक माणसांच्या माहितीवर आधारलेल्या २०२२ सालच्या विश्लेषणात मात्र या पायरीचंच महत्त्व दिसलं. मधुमेह टाळण्यासाठी कर्बोदकं ५४ ते ५७ टक्के आणि नुकताच झालेला मधुमेह मागे हटवण्यासाठी ४९ ते ५४ टक्के, सोबत प्रथिनं वीस टक्क्यांच्या आसपास, असा त्याचा निष्कर्ष होता. साडेतीनशे ग्रॅमवरून अडीचशेवर येणं हीसुद्धा कमाईच आहे.

मग यातली कोणती पायरी आपली? या प्रश्नाचं सगळ्यात व्यवहारी उत्तर कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका चाचणीत सापडतं. क्रिस्टोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ जणांना बारा महिने दोन आहारांवर ठेवलं, एक कमी चरबीचा, दुसरा कमी कर्बोदकांचा. २०१८ साली निकाल आला: पहिल्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलोने उतरलं, दुसऱ्याचं ६ किलोने. फरक नगण्य, आणि वर्तमानपत्रांनी तेवढंच उचललं. खरी शिकण्यासारखी गोष्ट चाचणीच्या रचनेत होती. लो-कार्ब गटाने पहिल्या आठ आठवड्यांत दिवसाला २० ग्रॅमपर्यंत उतरायचं, आणि तिथून दर आठवड्याला रोजच्या खाण्यात पाच ते पंधरा ग्रॅम परत वाढवत जायचं. कुठवर? ‘एवढं कमी खाणं मी जन्मभर निभावू शकतो’ असं ज्याला त्याला ज्या पातळीवर वाटेल, तिथवर. वर्षाअखेर या गटाची सरासरी १३० ग्रॅमच्या थोडी वर स्थिरावली होती. पुरेपूर मार्गदर्शन मिळालेली, स्वतःहून पुढे आलेली माणसंही वीस ग्रॅमवर राहिली नाहीत.

यातला अर्थ साधा आहे. आहार निवडताना पहिल्या महिन्याचा आकडा पाहू नये; दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या कंटाळवाण्या मंगळवारी ताटात काय असेल ते पाहावं. पहिल्या महिन्याचा आकडा तसाही फसवा असतो. यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. कर्बोदकं तोडली की हा साठा रिकामा होतो आणि पहिल्या आठवड्यात एक-दोन किलो वजन चटकन उतरतं. त्यातलं बरंचसं पाणी. व्हॉट्सअॅपवर फिरणारे ‘सात दिवसांत तीन किलो’चे फोटो बहुतांशी या पाण्याचे असतात.

टाइप-२ मधुमेहाच्या बाबतीतही काळाचा हाच खेळ दिसतो. २३ चाचण्या एकत्र करून ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२१ साली छापलेल्या आढाव्यात सहा महिन्यांनंतर लो-कार्ब गटातल्या ५७ टक्के रुग्णांची एचबीए-वन-सी साडेसहाच्या खाली होती, तुलनेच्या गटात ३१ टक्क्यांची. बारा महिन्यांपर्यंत हा लाभ बराचसा ओसरला. माणसं जुन्या ताटाकडे परततात, हे त्याचं एक उघड कारण.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. कीटोची पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मांस, मासे, अंडी आणि चीज खाणारा माणूस असतो. शाकाहारी मराठी माणसाची प्रथिनं येतात डाळी-कडधान्यांतून, आणि त्यांच्यात कर्बोदकंही आहेत. शंभर ग्रॅम तूरडाळीत २२ ग्रॅम प्रथिनं असली तरी ५५च्या आसपास कर्बोदकं असतात. मोठी वाटी मटकीची उसळ घेतली तर २० ते २५ ग्रॅम, तीस ग्रॅम बेसनाचं पिठलं म्हणजे १५, दिवसभरातलं वाटी-दीड वाटी दही आणि चहापुरतं दूध मिळून १५, पालेभाजी-कोशिंबीर मिळून १५. एकही पोळी न खाता सत्तरी गाठली! त्यामुळे ५० ग्रॅमचं बंधन पाळायचं तर शाकाहाऱ्याला उसळ आणि पिठलं दोन्ही सोडावी लागतात, आणि उरतं पनीर, टोफू, शेंगदाणे, बदाम. चार दिवस ठीक. पुढे पोट बिघडतं, खिसा कुरकुरतो आणि पनीरचं तोंड पाहवत नाही. शाकाहारी घरासाठी १०० ते १५० ग्रॅमची पायरी जास्त शहाणपणाची आहे. तिथे उसळ राहते, दिवसाची एक-दोन पोळ्यांची हौस राहते.

मासे-अंडी खाणाऱ्याला थोडी मोकळीक आहे. मालवणात किंवा गोव्यात बांगडा, पेडवे, मांदेली ताटात असतात आणि त्यांच्यात कर्बोदकं नसल्यातच जमा. अडचण माशाची नाही, भाताच्या ढिगाची. तिथल्या माणसाने भाकरीच्या प्रेमात पडायचं काहीच कारण नाही. दुपारी एकच वाटी भात मोजून घ्यावा, हुमण आणि तळलेला मासा (रव्याचा थर पातळ) पुरेसा घ्यावा, रात्री भात नसावा. याउलट सोलापूर-लातूरकडच्या माणसाला भात नाही मिळाला तरी चालतं, पण भाकरीवाचून जेवण झाल्यासारखं वाटत नाही. त्याने भात पूर्ण बंद करून प्रत्येक जेवणाला अर्धी भाकरी राखावी. जे धान्य जिवाभावाचं ते थोडं ठेवावं, जे सवयीने पानात पडतं ते काढावं. पुस्तकी आहार इथेच चुकतात; जिवाभावाचं आधी काढायला लावतात.

रिकाम्या झालेल्या जागेत काय येतं यावर टिकणं ठरतं. पोळ्या तीनच्या एक केल्या आणि भाजी तेवढीच, चमचाभर, ठेवली तर साडेचार वाजता फरसाणाचा डबा उघडणारच. भाजीचं माप दुप्पट हवं: वांग्याचं भरीत, दोडका, पडवळ, गवार, कोबी, मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी. प्रथिनं प्रत्येक जेवणात हवीत. आयसीएमआरच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ५४ ग्रॅम. ती एका पातळ वरणाच्या वाटीतून येत नाहीत. आणि पानाच्या डाव्या बाजूला कोपऱ्यात बसणाऱ्या मंडळींना मान द्यावा. शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची चटणी, काकडीची खमंग कोशिंबीर, दाण्याचं कूट घातलेली कोबीची पचडी. मराठी ताटातला लो-कार्ब भाग परंपरेने तिथेच आहे, फक्त तो चाखण्यापुरता वाढला जातो.

नाश्त्याचं काय करायचं हा प्रश्न जेवणापेक्षा अवघड आहे. पोहे, उपमा, साबुदाणा, इडली, सगळं धान्य आणि पिष्ट. चाळीस ग्रॅम मुगाचं धिरडं दह्याबरोबर खाल्लं तर २५ ग्रॅममध्ये भागतं; दोन अंड्यांचं ऑम्लेट त्याहून सोपं. पोह्यांवर जीव असेल तर मूठभर पोह्यांत तेवढेच मोड आलेले मूग, कांदा, शेंगदाणे घालून प्रमाण उलटवावं. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू द्यावं.

उपवास ही वेगळीच गंमत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, शंभर ग्रॅममध्ये ८७ ग्रॅमच्या घरात कर्बोदकं आणि प्रथिनं नावापुरती. त्यात बटाटा पडतो. संकष्टी, एकादशी, सोमवार किंवा गुरुवार धरणाऱ्या माणसाच्या महिन्यात असे सहा-सात दिवस निघतात आणि इतर दिवशी सांभाळलेलं तिथे सांडतं. भगर थोडी आणि दाण्याची आमटी वाटीभर, सोबत दही-काकडी, ही जुनीच जोडी इथे कामाला येते. वाढताना फक्त आमटी आणि भगरीची मापं आपसांत बदलायची.

महाराष्ट्रात आहाराची चर्चा निघाली की डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचं नाव येतंच. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून त्यांनी लोकप्रिय केलेली पद्धत दिवसातून दोन वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवायला सांगते, मधल्या वेळी काही खायचं नाही असं बजावते. तो लो-कार्ब आहार नव्हे. भर आहे तो खाण्याच्या वेळांवर. तरीही मधले चहा-बिस्किटं आणि फरसाण बंद झाल्यामुळे अनेकांची कर्बोदकं आपोआप घटतात. मोजमापाचा कंटाळा असणाऱ्याला हा नियम सोपा जातो. पाळीने काम करणारा किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणारा माणूस मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय दोन जेवणांत अंतर पाडत बसला तर पंचाईत होऊ शकते. दुसऱ्या टोकाला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर भात-तुपाची बाजू घेतात. दोघांचे अनुयायी एकाच सोसायटीत गुण्यागोविंदाने नांदतात, आणि दोन्हीकडे बारीक झालेली माणसं आहेत.

गोळ्यांची गोष्ट इथे जरा थांबून सांगायला हवी. ग्लिमेपिराइडसारख्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना अचानक पोळी-भात तोडला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली औषधं घेणाऱ्याने कीटोच्या वाटेला डॉक्टरांना न सांगता जाऊच नये. रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो आणि तो जिवावर बेततो. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही वजन उतरल्यावर बदलावा लागतो. टाइप-१ मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, गर्भारपण, अंगावर पाजणं यांपैकी काही असेल तर स्वतःहून प्रयोग नकोत.

निरोगी माणसालाही सुरुवातीला डोकं दुखणं, गळून गेल्यासारखं वाटणं, पोट साफ न होणं हे त्रास होतात. पाणी, ताक, पालेभाज्या आणि गरज पडल्यास इसबगोल याने बहुतेकांचं भागतं. कर्बोदकांची जागा नुसत्या तूप-लोणी-चीजने भरली तर काहींचं एलडीएल कोलेस्टेरॉल बरंच चढतं. २०१८ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात, कर्बोदकांच्या जागी प्राण्यांपासूनची चरबी आणि प्रथिनं आली तिथे मृत्यूचा धोका वाढलेला दिसला, वनस्पतिजन्य आली तिथे घटलेला. असा अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करत नाही, तरी शेंगदाणे, तीळ, जवस, डाळी आधीपासूनच हाताशी असलेल्या घराला तो बरा कौल देतो.

टिकण्याचा प्रश्न पुष्कळदा इच्छाशक्तीचा नसतो, व्यवस्थेचा असतो. इस्राएलमध्ये डिमोना इथल्या अणुसंशोधन केंद्रातल्या ३२२ जणांवर दोन वर्षं झालेल्या चाचणीत दोन वर्षांनंतरही जवळजवळ ८५ टक्के माणसं आहारावर टिकून होती. आहाराच्या चाचण्यांत हा आकडा विरळा. तिथे दुपारचं जेवण, जे त्यांचं दिवसातलं मुख्य जेवण होतं, कचेरीच्या कँटीनमध्ये मिळायचं आणि पदार्थांवर कोणत्या आहाराला काय चालतं याच्या रंगीत खुणा असायच्या. माणसाला रोज नव्याने ठरवावं लागत नव्हतं. (दोन वर्षांत घटलेलं वजन, जाता जाता: कमी चरबी २.९ किलो, भूमध्यसागरी ४.४, लो-कार्ब ४.७. एवढ्या फरकासाठी शेजाऱ्याशी वाद घालू नये.)

आपल्याकडे ही कँटीन म्हणजे घरातली बाई असते, आणि तिच्यावर दोन स्वयंपाकांचा भार पडला की आहार सहा आठवड्यांत संपतो. ‘ह्यांच्यासाठी वेगळं’ हे ज्या आहारात रोज आहे तो निवडूच नये. एकच आमटी, एकच भाजी, एकच उसळ सगळ्यांना, फक्त आहार पाळणाऱ्याच्या पानात धान्य कमी आणि भाजी जास्त, अशी रचना हवी. मोड आणणं, भाजी निवडणं-चिरणं ही वाढलेली कामं ज्याचा आहार आहे त्याने करावीत. मेसच्या डब्यावर राहणाऱ्या पुण्यातल्या विद्यार्थ्याने चार पोळ्यांच्या डब्यात दोन कमी करून उसळ जादा मागावी. अनेक मेसवाले देतात.

विकतच्या ‘कीटो आटा’, ‘लो-कार्ब कुकीज’च्या मागे लागण्याची गरज नाही. घेतलेच तर पाकिटाच्या पुढच्या बाजूची अक्षरं सोडून मागचा तक्ता वाचावा: शंभर ग्रॅममध्ये एकूण कर्बोदकं किती, आणि एक वाढणी म्हणून कंपनीने किती ग्रॅम धरले आहेत. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या मिठाईत मैदा, खवा, दूध असतंच.

माप कशाचं ठेवायचं? वजन आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी. कंबर महिन्यातून एकदा. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही सावधानतेची रेषा मानली जाते. मधुमेह असेल तर घरच्या ग्लुकोमीटरने एक उपयोगी प्रयोग करता येतो. एका दिवशी दोन पोळ्या, दुसऱ्या दिवशी एक भाकरी, बाकीचं ताट तेच, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर पाहायची. कोणत्या धान्याला शरीर कसं उत्तर देतं हे त्यातून कुठल्याही व्हिडिओपेक्षा नीट कळतं. एचबीए-वन-सी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे ती आणि लिपिड प्रोफाइल सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी करावी.

तीन महिन्यांनंतर स्टॅनफर्डची शिडी चढायला घ्यावी. रोजच्या जेवणात अर्धी पोळी किंवा अर्धी वाटी भात, म्हणजे दहा-पंधरा ग्रॅम, वाढवून आठवडा-पंधरवडा थांबायचं. साखर आणि कंबर जागेवर राहिली तर आणखी अर्धी. ज्या अर्ध्या पोळीवर आकडे हलू लागतील ती परत काढायची. तिच्या आधीचं ताट आपलं. गणपतीत, लग्नसराईत, आंब्याच्या दिवसांत ते ढळणार हे धरूनच चालावं, आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी उपाशी न राहता नेहमीचं मोजलेलं जेवण सकाळपासून सुरू करावं.